कणसरीकडे गेलेली बाई

नवशीने पळीतले मेण निखाऱ्यावर धरले आणि ते पातळ होताच घांगळीच्या बांबूवर ओतले, जिथली सुराची पट्टी सुटली होती तिथे. वर अंगठा दाबून ती थांबली. मेण गरम होते, पण तिने अंगठा हलवला नाही. अंगणात मोटरसायकल येऊन उभी राहिली तरी तिने मान वर केली नाही.

"आत्या," नविन म्हणाला, "इतवारचं काय ऐकतोय मी?"

"जे ऐकलंस तेच."

नविन ओट्याच्या कडेला टेकला. पाड्यावरचे सगळेच तरुण तिला आत्या म्हणत. उंबरगावच्या कंपनीत तो सुपरवायझर होता आणि वेवजीच्या या पाड्यावर कुठल्याही कामात आधी त्यालाच विचारत. त्याच्या बापाला, काकड्याला, विचारत तसे. काकड्या अजून होता, पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि बरोबर वाचाही गेली.

"तू मुंबईला वाजव, पुण्याला वाजव," नविन म्हणाला. "तुझं पुस्तक निघालं, पेपरात फोटो आला, आम्ही कधी आडवं बोललो? पण आपल्या खळ्यावर बसून कणसरीची कथा लावायची ती पुरुषानंच. बाबानं तुला तेव्हाच सांगितलेलं."

"सांगितलेलं. मग दोन साल कोणी लावली?"

नविनने मोटरसायकलकडे पाहिले.

"मागल्या साली तू स्पीकर आणलास," नवशी म्हणाली. "पेनड्राइव्ह लावलास."

"लोकं नाचली ना."

"लोकं नाचली. धान्याची आई काय नाचायला येते?"

तिने अंगठा उचलला. मेण बसले होते. दोन भोपळ्यांमधला बांबू तिने मांडीवर आडवा घेतला आणि तार एकदा छेडली. नविनने किल्ली हातात फिरवली, मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आत्या, तुला कोणी हुंकार देणार नाय. मी सांगितलं म्हणून नव्हे. कोणी पुढं होणारच नाय."

तो धमकी देत नव्हता. जे होणार ते सांगत होता, आणि नवशीलाही ते माहीत होते. कथा सांगणाऱ्याने ओळ टाकायची, समोरच्या एकाने 'हं' म्हणायचे, मग पुढची ओळ. हुंकार थांबला की कथा थांबते. पाड्यावरच्या शेंबड्या पोराला हे कळते.

"इतवारी चार वाजता," नवशी म्हणाली. "शिफ्ट असेल तर येऊ नको."

नवशीचा बाप धाकल्या या पट्ट्यातला नावाजलेला सांगणारा होता. तलासरीपासून गंजाडपर्यंत लोक त्याला बोलवायला येत. त्याला मुलगा नव्हता. पोरीची बोटे चळवळी म्हणून त्याने घरात, दार लोटून, तिला घांगळी शिकवली. बाहेर मात्र त्याच्यासमोर हुंकाराला बसायचा तो काकड्या. वीस वर्षे हुंकार देता देता काकड्याला सगळी कथा पाठ झाली होती.

धाकल्या गेला त्या वर्षी नवशी एकोणतीस वर्षांची होती. भात झोडून झाले, खळे सारवले गेले, आणि ती घांगळी घेऊन मधोमध जाऊन बसली. काकड्या उठून आला. त्याने तिच्या मांडीवरची घांगळी दोन्ही हातांनी, अगदी जपून उचलली आणि बाजूला ठेवली. "पोरी, ही बाईच्या मांडीवर बसत नाय," एवढेच तो म्हणाला. तो रागावला असता तर नवशी भांडली असती. पण तो मायेने बोलला होता, आणि सगळा पाडा बघत होता. ती उठली. घांगळी तिच्या बापाची, म्हणून ती तेवढी घरी घेऊन आली. काकड्याने स्वतःसाठी दुसरी बनवली आणि पुढे खळ्यावर तोच बसू लागला.

आश्रमशाळेत ती स्वयंपाकाला होती. दुपारी तांदूळ निवडताना वसतिगृहातल्या पोरी भोवती जमायच्या आणि नवशी त्यांना सांगायची. पोरी हुंकार द्यायच्या, एकदम पंधरा-वीस जणी. सुदर्शन नावाचे एक मास्तर दारात उभे राहून ऐकायचे. त्यांनी तिला आधी डहाणूच्या एका संमेलनात नेले, मग पालघरला, ठाण्याला. पुढे लोक आपणहून बोलवू लागले. स्टेजवर तिच्या नावाआधी 'लोककलावंत' लागायचे, गळ्यात हार पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाचला ती पुन्हा दोनशे पोरांच्या भाताला आधण ठेवायची. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, चुलीजवळ बसून, तिने पुस्तक लिहिले. 'सुपातलं सांगणं' असे त्याचे नाव. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. अक्षर मोठे, ओळी वर जाणाऱ्या.

पुण्याच्या वसुमतीबाई लोकसाहित्याच्या प्राध्यापिका. पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. कणसरी रुसून घर सोडते, डोंगरात जाऊन बसते, सगळीकडे उपास पडतो आणि शेवटी घांगळीवाला जाऊन, वाजवून, तिला परत आणतो, ही कथा त्यांना ठाऊक होती. पण नवशीच्या पुस्तकात घांगळीवाल्याच्या आधी एक बाई जाते. रिकामे सूप घेऊन, एकटी. तिच्या बोलण्याने कणसरी उठते. 'मौखिक परंपरेतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आणि आजवर अज्ञात राहिलेला हा प्रसंग,' असे वसुमतीबाईंनी लिहिले होते.

नवशीने ते वाक्य स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तीनदा वाचले. तो प्रसंग पिढ्यान्पिढ्या चालत आलेला नव्हता. तिचा नवरा होता तेव्हाची गोष्ट. भात करपला म्हणून त्याने ताट भिरकावले, आणि घरभर उडालेली शिते वेचताना ती बाई नवशीला सुचली. ताट घासायच्या आधी तिने ती कागदावर उतरवली. बापाने सांगितलेल्या कथेत अशी कोणी बाई नव्हती.

तिने वसुमतीबाईंना फोन लावला. पण पलीकडचा आवाज इतका आनंदात होता की नवशी फक्त "बरं" म्हणाली. त्यानंतर जिथे जाईल तिथे लोक विचारायचे, हा प्रसंग कुणाकडून ऐकलात? ती म्हणायची, बाकडून, म्हणजे बापाकडून. अकरा वर्षे ती असेच म्हणत आली होती.

आता मुंबईच्या एका संस्थेचा मोठा सन्मान होता, परंपरा जतन करणाऱ्यांसाठीचा. वसुमतीबाईंनी तिचे नाव पाठवले होते. कलावंत आपल्या गावात, आपल्या माणसांत पारंपरिक कथा सांगतो आहे असे चित्रीकरण संस्थेला हवे होते. वसुमतीबाईंना वाटत होते, रविवारचा कार्यक्रम त्यासाठीच आहे. नवशीने खळ्यावर बसायचे ठरवले होते ते त्यांचा फोन येण्याच्या आधीच. दोन वर्षे कोरडे गेलेले खळे तिला बघवत नव्हते. पूर्वी कथा रात्र-रात्र चालायची. पण आता पहाटे कंपन्यांच्या गाड्या येतात, जागरण कोणाला परवडत नाही, म्हणून तिने दुपारची वेळ धरली होती.

रविवारी साडेतीनला वसुमतीबाई डहाणू स्टेशनवरून गाडी करून आल्या. बरोबर कॅमेरा धरणारी एक मुलगी होती. खळ्यावर कोणी नव्हते. नवशीने एकटीनेच ते सकाळी सारवले होते. मधोमध भाताची छोटी रास होती, तिच्या स्वतःच्या शेतातली.

"माणसं येतील ना?" वसुमतीबाईंनी विचारले.

"बसते मी."

चार वाजता ती बसली. घांगळी मांडीवर घेतली, डोळे मिटून धरतीचे, पाण्याचे, वाऱ्याचे नाव घेतले. मग पहिली ओळ लावली.

"कणसरी निघाली, उंबरा ओलांडून निघाली…"

ती थांबली. कुंपणापलीकडे दोन-तीन बायका पेंढा उचलत होत्या. पेंढा सकाळीच उचलून झाला होता, हे नवशीला माहीत होते. त्या तोच इकडून तिकडे ठेवत होत्या. विहिरीजवळ पुरुष उभे होते. नविन जांभळीखाली मोटरसायकलवर बसला होता. 

तिने तीच ओळ पुन्हा लावली. तार वाजली आणि विझली.

"मी म्हणू का?" वसुमतीबाईंनी हळूच विचारले. "हुंकार?"

"नको, बाई."

तिसऱ्यांदा तिने ओळ लावली. आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. ओळ संपली आणि पाठीमागून, वाटेवरून, कोणीतरी म्हणाले:

"हं."

काकड्या होता. सून रूपी त्याला जवळजवळ उचलूनच आणत होती. त्याचा उजवा पाय मातीत रेघ ओढत येत होता. नविन मोटरसायकलवरून उतरला.

"घरात काठी आपटत होते," रूपी नवऱ्याकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "दाराकडे हात करत होते. काय करू मी?"

तिने सासऱ्याला खळ्यावर, नवशीच्या समोर बसवले. त्याच्या तोंडाची एक बाजू ओघळलेली होती, पण डोळे जागे होते. दोन वर्षांत त्याला बायकोचे नाव घेता आले नव्हते, पाणी मागता आले नव्हते. आता नवशीने ओळ टाकली आणि तो म्हणाला, "हं." दुसरी टाकली. "हं." बरोबर जागेवर, न चुकता. त्या एका अक्षराला शब्द लागत नव्हता, जीभही लागत नव्हती.

मग माणसे आली. आधी पेंढावाल्या बायका, मग पोरे, मग विहिरीजवळचे पुरुष, खिशात हात घालून, सहज आल्यासारखे. नवशीने कोणाकडे पाहिले नाही. कणसरी घर सोडून निघाली, कणग्या रित्या झाल्या, उंदीरसुद्धा घर सोडून गेले. गुरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. काकड्याचा हुंकार तिला पुढे ढकलत होता, आणि मधूनच तिला वाटे, समोर बसून तो तिच्या बापालाच हुंकार देतो आहे. उन्हे कलू लागली. कॅमेऱ्याच्या मुलीने जागा बदलली.

"तेव्हा गावातली एक बाई उठली," नवशीने ओळ लावली. "रिकामं सूप घेतलं आणि डोंगराच्या वाटेला लागली."

हुंकार आला नाही.

तिने मान वर केली. काकड्या तिच्याकडे रोखून बघत होता.

"एक बाई उठली," नवशी म्हणाली, "रिकामं सूप घेऊन डोंगराच्या वाटेला लागली."

काकड्याने डावा हात उचलला आणि हवेत आडवा फिरवला. नाही. इथे असे काही नाही. विहिरीजवळून आलेले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. कथा त्यांनाही ठाऊक होती. जांभळीखालून नविनचा आवाज आला, "रूपी, बाबाला घरी घे."

काकड्यानेही रूपीला तीच खूण केली. चला.

नवशीला मागची ओळ लावता आली असती. एक कडवे मागे गेले, घांगळीवाला उठवला, की म्हाताऱ्याचा हुंकार पुन्हा सुरू झाला असता आणि कथा नीट शेवटाला गेली असती. पाडाही खूश झाला असता. तिने तारेवरून बोट काढले.

"काका," ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय. बाच्या कथेत ही बाई नाय."

वसुमतीबाईंनी चष्मा काढला.

"बानं मला ही सांगितली नाय. त्याच्या बानं त्याला सांगितली नाय. पुस्तकात छापलंय, जुनं हाय म्हणून, ते खोटं. मी कधी बोलले नाय, ती माझी चूक. ही बाई मी केली. माझ्या घरात, खाली बसून शितं वेचताना केली."

"नवशीबाई," वसुमतीबाई अर्धवट उठत म्हणाल्या. "हे आपण नंतर… आत्ता रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू राहू दे, बाई. म्हणून तर बोलते."

"पण त्यांना परंपरेतलंच हवं आहे. तुमच्या लक्षात येतंय ना? नाव मागे घ्यावं लागेल."

"घ्या मागं."

वसुमतीबाई बसल्या. कॅमेऱ्याची मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी बंद कर असेही म्हटले नाही.

नवशी पुन्हा काकड्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो खळ्याच्या शेवटच्या कडेपर्यंत पोचत होता. "तुम्ही म्हणालात बाईच्या मांडीवर बसत नाय, मी उठले. तेव्हा उठायला नको होतं. आज उठणार नाय. कथेतल्या घांगळीवाल्याला पण कोणीतरी पहिल्यांदा उठवलंच असेल ना? तो काय आभाळातून पडला? ज्यानं उठवला त्याचं नाव कोणाला ठाऊक नाय. हिला कोणी उठवली ते सगळ्यांना ठाऊक असू दे. धाकल्याच्या नवशीनं उठवली. हुंकार द्यायचा तर द्या, नाय तर मीच देते."

आणि तिने ओळ लावली, ओळ संपवली, आणि स्वतःच म्हणाली, "हं."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. सांगणाऱ्याने स्वतःलाच हुंकार दिल्याचे कोणी कधी ऐकले नव्हते. नवशीने दुसरी ओळ लावली. बाई ओढा ओलांडते, करवंदीच्या जाळीत तिचे लुगडे फाटते. "हं." बाई डोंगराच्या निम्म्यावर येते, पाणी नाही, सावली नाही. "हं." दमाला दुप्पट काम होत होते. गळा सुकला होता. काकड्याने काठी जमिनीवर टेकली आणि रूपीकडे बघितले.

रूपी वाकली. तिने सासऱ्याच्या काखेत हात घातला. उचलायला जोर लावणार तेवढ्यात ती तशीच, वाकलेली, थांबली.

"आत्या," ती म्हणाली. "त्या बाईचं नाव काय?"

नवशीची बोटे तारेवर थबकली. अकरा वर्षांत पुण्यात, मुंबईत, ठाण्यात तिला खूप काही विचारले गेले होते. हे कोणी विचारले नव्हते.

"अजून ठेवलेलं नाय," ती म्हणाली.

रूपीने काखेतला हात काढून घेतला. लुगड्याचा काष्टा सावरला आणि सासऱ्याच्या बाजूला, मातीवर, मांडी घालून बसली. काकड्याने काठी आपटली. एकदा, दोनदा. तिच्याशिवाय त्याला उठता येत नव्हते. जांभळीखालून नविनने पुन्हा हाक मारली. रूपीने हाताने त्याला थांब अशी खूण केली, पोरांना करतात तशी, आणि नवशीकडे तोंड केले.

"पोचली का ती?"

"पोचली," नवशी म्हणाली, आणि घांगळी जरा वर ओढून घेतली. "डोंगरावर पोचली. कणसरी पाठ करून बसलेली. बाई पाया पडली नाय. बाईनं माफी मागितली नाय. बाईनं सूप खाली ठेवलं, आणि कणसरीला म्हणाली, तू रागावलीस, तू निघालीस. तुला डोंगर हाय. मी रागावले तर कुठं जाऊ?"

ओळ अजून पुरी खाली आली नव्हती, तोच रूपी म्हणाली,

"हं."